उजवीकडचं काळीज

धुळे, नर्सिंग कॉलेजचं होस्टेल
रविवार

प्रिय मोहिनी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील आणि कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फक्त चुलीत टाकण्याआधी एवढं एक वाक्य वाच आणि मग हवं ते कर. फुईनं माझ्या भावाला, स्वप्नीलला, मारलं नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. मला ते आता पक्कं ठाऊक झालंय, आणि ठाऊक झाल्यापासून माझी झोप, भूक आणि अक्कल, तिन्ही ठिकाणावर नाहीत. अक्षर लंगडत आलंय, त्याला हसू नकोस.

फोन करणार होते, पण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. दुसऱ्या नंबरवरून केला असता तरी माझा आवाज ऐकून तू ठेवूनच दिला असतास. तुझा स्वभाव मला माहीत आहे, माझाही तसाच आहे, एकाच आजीच्या नाती आपण. शिवाय हे सगळं तोंडानं सांगायला गेले तर मी रडत सुटेन आणि तुला ओ की ठो कळणार नाही. म्हणून बसून लिहितेय. आधी तू एकटी वाच. मग तुझ्या आईला, माझ्या फुईला, वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. माझ्या आईबद्दलचं तर मुळीच नको.

मी इथे पहिल्या वर्षाला आहे हे सुपडूकाकाकडून कळलं असेलच. आपल्या दोन घरांत स्वप्नील गेल्यापासून बोलणं नाही, पण केळीची गाडी घेऊन पिंपळनेरच्या बाजाराला येणारा सुपडूकाका आहे तोवर बातम्या कशा शिळ्या होतील! तर पहिल्या वर्षाला आम्हाला शरीररचना आणि शरीरक्रिया असा विषय आहे. हाडं, स्नायू, रक्ताभिसरण, पचन, मज्जासंस्था, सगळं. कामिनी मॅडम शिकवतात. बाई कडक आहेत, पण शिकवतात असं की आपल्याच पोटात काय चाललंय ते ऐकून आपण तोंड उघडं टाकून बसतो. त्यांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल? डावं आणि उजवं. आम्ही खी खी हसलो. त्या म्हणाल्या, हसा, पण वर्षभर निम्म्या मुली इथेच चुकतात. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याचं डावं ते आपल्या उजव्या हाताला येतं. बाजू नेहमी पेशंटची धरायची, बघणाऱ्याची नाही.

आणि चुकलेच मी. आम्हाला प्रत्येक जोडीला एक एप्रन शिवायचा होता, त्यावर कापडाचे अवयव टाचायचे, म्हणजे खेड्यात आरोग्य शिक्षण द्यायला गेलं की अंगात घालून दाखवता येतात. माझी जोडीदारीण पुनम, शिंदखेड्याकडची. आम्ही चॉकलेटी कापडाचं यकृत कापलं, तिच्या जुन्या गुलाबी ओढणीची आतडी केली, आणि मोठ्या कौतुकानं मी तो एप्रन घालून वर्गासमोर उभी राहिले. सगळा वर्ग हसत सुटला. यकृत डावीकडे, जठर उजवीकडे, हृदयाचं टोक उजवीकडे. एप्रन अंगात घालूनच मी खुणा केल्या होत्या, पुस्तकातल्या चित्रात जे माझ्या उजव्या हाताला दिसलं ते माझ्या उजवीकडे, आणि म्हणून सगळं उलटं झालं होतं. मॅडमनी सगळ्यांदेखत टाके उसवायला लावले. मी तेव्हा लाजेनं मेले होते, मोहिनी. आज तो एप्रन आठवला की अंगावर काटा येतो, कारण तो मी शिवला होता तशीच मी आतून आहे.

थांब, एका दमात सांगते. हृदयाच्या ठोक्यांचं प्रॅक्टिकल होतं. पडदा लावून आम्ही मुली एकमेकींच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होतो. डावीकडे, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत ठोका सगळ्यात स्पष्ट लागतो. पुनमनं माझ्या छातीला तिथे लावला आणि म्हणाली, चारू, तू वारलीस गं, काहीच वाजत नाहीये. आम्ही दोघी हसलो. तिनं नळी झटकली, कानातली टोकं नीट बसवली, पुन्हा लावला. फार लांबून आल्यासारखं काहीतरी. मग वैतागून तिनं सहज दुसरीकडे सरकवला आणि ओरडली, मॅडम, हिचं इकडे वाजतंय! मॅडम लांबूनच म्हणाल्या, पुनम, पुन्हा डावं उजवं विसरलीस का? पुनम रडकुंडीला आली. शेवटी मॅडम उठून आल्या, तिला बाजूला सारून स्वतः ऐकायला बसल्या. आधी डावीकडे. मग उजवीकडे. मग परत डावीकडे. मी त्यांचा चेहरा बघत होते. इतकी कडक बाई, पण चेहऱ्याचा रंग पार उडाला. त्यांनी माझ्या पोटावर बोटं ठेवून ठोकून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, चारुलता, बाळा, तुझा कधी एक्स-रे काढला होता का?

नव्हता गं काढला. मी कधी दवाखान्यात गेलेच नाही, घोड्यासारखी तब्येत. प्रवेशाच्या वेळी फिटनेसचा दाखला घेतला तेव्हा डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता, कानात नव्हता. दाखल्यावर सही झाली, मी फिट. तू विचारशील, तुला स्वतःला कळलं नाही का? मीही हेच विचारतेय स्वतःला. धावून दम लागला की मी छातीवर उजवीकडेच हात ठेवायचे. पण शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात हृदय कुठे दिसतं? बघणाऱ्याच्या उजव्या हाताला! मला वाटे, बरोबर, पुस्तकातही तिथेच, माझंही तिथेच. खाली छापलेला डावीकडे हा शब्द मी परीक्षेत लिहून मार्क घेतले आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला स्वतः सोनोग्राफीला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी ते थंडगार जेल लावून यंत्र फिरवलं आणि बोलवा बोलवा करत आणखी चारपाच जणांना बोलावलं. मी पडद्यावर काय चाललंय ते बघत होते आणि सगळे मला बघत होते. यकृत डावीकडे. प्लीहा उजवीकडे. जठर उजवीकडे. छातीच्या फोटोत हृदय उजवीकडे. आरशात दिसतं तसं, सगळंच्या सगळं उलट. याला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. हजारो माणसांत एखादा असा जन्माला येतो, आणि सगळंच उलटं असल्यामुळे काही अडत नाही, माणूस म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याला पत्ताही लागत नाही. डॉक्टर खुशीत होते. मला मात्र एकोणीस वर्षं ज्या अंगात राहिले त्यात आपण पाहुणे आहोत असं वाटायला लागलं.

मग डॉक्टर हात पुसता पुसता सहज बोलले. म्हणाले, घाबरू नकोस, फक्त एक लक्षात ठेव. तुझं अपेंडिक्स डावीकडे आहे. उद्या ते सुजलं तर तुला डावीकडे दुखेल, डॉक्टर उजवीकडे दाबत बसतील, तू ओरडणार नाहीस, ते म्हणतील अपेंडिक्स नाही, आणि तोवर ते फुटून जाईल. म्हणून आधीच सांगायचं. आणि घरी भावंडं असतील तर त्यांनाही तपासून घे, सख्ख्या भावंडांत हे निघू शकतं.

मोहिनी, मी त्या टेबलावरून उठले आणि तिथेच खाली बसले. मॅडमना वाटलं चक्कर आली. मला चक्कर आली नव्हती. मला आपला स्वप्नील दिसत होता, डाव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडलेला.

आखाजीचा तो सण तुझ्या डोळ्यांसमोरून कधी गेला नसेल, माझ्याही नाही. आबा दरवर्षीसारखे पिंपळनेरला जाऊन आपल्या बहिणीला, फुईला, आणि तुला माहेरी घेऊन आले होते. निंबाला झोका बांधला होता, आपण दोघी उभ्यानं झोका चढवत होतो आणि स्वप्नील खालून जोर लावत होता. दुपारी तो बेंबीपाशी दुखतंय म्हणाला. आंब्याचा रस आणि सांजोऱ्या किती हाणल्या होत्या त्यानं! आईनं ओवा दिला. सकाळी उलट्या सुरू झाल्या, अंग तापलं, आणि दुखणं बेंबीपासून सरकून खाली डावीकडे गेलं. आबा त्याला गाडीवर बसवून भडगावला घेऊन गेले. डॉक्टरनी उजव्या बाजूला खाली दाबून पाहिलं, स्वप्नील ओरडला नाही. ते म्हणाले, अपेंडिक्स नाही, गॅस असेल नाहीतर मुतखडा, इंजेक्शन देतो, नाहीच थांबलं तर जळगावला सोनोग्राफी करा. मी आज त्या डॉक्टरवर चिडायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही. आमच्या पुस्तकात लिहिलंय तिथेच त्यांनी दाबलं होतं.

आता पुढचं नीट वाच, कारण हे आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. स्वप्नील घरी आल्यावरही कळवळत होता तेव्हा आईच फुईकडे गेली. म्हणाली, ताई, तुम्हीच पाहा, याची बेंबी सरकली असेल. फुई आधी नको म्हणाली होती. डॉक्टरचं औषध तरी लागू द्या, असं ती म्हणाली होती, मी दाराशी उभी होते, मी ऐकलंय. आईनं तिचा हात धरून तिला उठवलं. बेंबी बसवण्यात फुईचा हात धरणारं आपल्या गल्लीत कुणी नव्हतं, अख्ख्या गल्लीतली पोरं तिच्या हाताखालून गेली होती. तिनं बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला, मग तेलाचा हात लावून हळूहळू पोट चोळलं. आणि थोड्या वेळानं स्वप्नील शांत झाला. फुई, नही दुखत, असं म्हणाला. पाणी मागितलं. फुईच्या चेहऱ्यावर केवढं हसू आलं होतं! बठ्ठं जागावर उनं, सगळं जागच्या जागी आलं, असं ती आईला म्हणाली, आणि आईनं पहिला चहा तिच्या हातात दिला.

दुखणं का थांबलं ते मला या वर्षी कळलं. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला ताण जातो आणि काही वेळ माणसाला बरं वाटतं. मग तो सगळा पू पोटभर पसरतो. आपण सगळे ज्याला बरं वाटणं समजलो, ते त्याचं मरण होतं. पुस्तकात ही ओळ वाचताना मी पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

उजाडलं तेव्हा त्याचं पोट फळीसारखं झालं होतं. जळगावला पोचेपर्यंत तो ओळखही देत नव्हता. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, पोट कुणी चोळलं होतं का? एवढंच विचारलं. आणि आई गर्रकन फुईकडे वळली. तू तिथेच पाण्याची बाटली घेऊन उभी होतीस. तू मना पोऱ्याले मारी टाकं, असं आई म्हणाली, आणि फुई काही बोललीच नाही. आईनंच हात धरून उठवलं होतं, हे तिनं तेव्हा सांगायला हवं होतं. तिनं का नाही सांगितलं गं? तेव्हापासून आबांना पिंपळनेरचा रस्ता बंद, फुईला माहेर बंद, आणि आपण दोघी एकमेकींना मेल्यासारख्या.

मी खोटं लिहिणार नाही. तसं पोट चोळू नये, हे मी आज कुणालाही सांगेन, फुईलाही सांगेन. पण तिनं हात लावला नसता तरी ते फुटणारच होतं, कारण त्या घरात, त्या दवाखान्यात, कुणालाच ते कुठे आहे हे माहीत नव्हतं. निदान मला असं वाटत होतं की कुणालाच माहीत नव्हतं.

मी पारोळ्यावरून जाणारी एसटी धरून घरी गेले. स्वप्नीलही माझ्यासारखाच होता का, याचा पुरावा माझ्याकडे काय होता? त्याचा कधी फोटो निघाला नव्हता. मला वाटलं, ही शंका घेऊनच मला आयुष्यभर राहावं लागणार. आई अंगणात वाळवणाचे ज्वारीचे बिबडे थापत होती, आबा बाजेवर होते. मी दम न घेता सगळं सांगितलं, माझं हृदय उजवीकडे आहे, यकृत डावीकडे आहे, सगळं. आबा आ वासून बघत राहिले. आईनं हातातला बिबडासुद्धा मोडू दिला नाही. म्हणाली, त्यात काय नवं शे? तुम्हनं दोन्हीसनं काळीज तिकडेच वाजे. ल्हान पोरेसनं तिकडेच ऱ्हास.

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली. पुन्हा विचारलं. तिनं कौतुकानं सांगितलं, आम्ही तान्हे असताना ताप आला, दचकून रडलो, की ती छातीला कान लावायची. माझं उजवीकडे वाजायचं. दोन वर्षांनी स्वप्नील झाला, त्याचंही उजवीकडे. तिचं स्वतःचं डावीकडे, आबांचं डावीकडे. तिनं मनाशी ठरवून टाकलं की लहान मुलांचं काळीज उजवीकडे असतं आणि टाळू भरते, दुधाचे दात पडतात, तसं मोठेपणी ते डावीकडे सरकतं. कुणाला विचारणार? आणि का विचारणार? तिला मुलं दोनच, दोघांचंही तसंच. शंका यायला एक तरी वेगळं मूल हवं ना! दुसऱ्याच्या लेकराच्या छातीला कोण कान लावायला जातं?

इतकी वर्षं ती गोष्ट आमच्याच घरात होती. आईच्या कानात होती. आणि ती सांगण्यासारखी काही गोष्ट आहे हे तिला माहीत नव्हतं.

आबांना आधी उमगलं. ते बाजेवरून उठले आणि आईशेजारी येऊन जमिनीवर बसले. मग आईचे हात थांबले. तिनं विचारलं, मग त्या डॉक्टरनं उजवीकडे का दाबलं? मी सांगितलं, सगळ्यांचं तिथे असतं म्हणून. बिबड्याचं पीठ तिच्या बोटांवर वाळत चाललं होतं. मग तिनं विचारलं, वाचता का मंग तो? मी नर्सिंगची विद्यार्थिनी, मोहिनी. मला नाही म्हणता आलं नाही आणि हो म्हणायची हिंमत झाली नाही. मी म्हणाले, कदाचित. हा शब्द मी पुन्हा आयुष्यात कुणाच्या आईपुढे उच्चारणार नाही. आई म्हणाली, माले कोनी इचारंच नही. मग पुन्हा तेच म्हणाली. मग तिसऱ्यांदा, आणि तेव्हा तिचा आवाज आवाजासारखा राहिला नव्हता.

मला वाटलं होतं, खरं कळलं की आमच्या घरावरचं ओझं उतरेल. काय मूर्ख होते मी! आईनं एवढी वर्षं फुईला दोष देऊन स्वतःला कसंबसं उभं ठेवलं होतं, हे मला आत्ता कळतंय. मी येऊन तोच खांब काढून घेतला. त्या दिवसापासून ती जेवलेली नाही म्हटलं तरी चालेल. पाण्याचा घोट, चहाचा घोट, बस. स्वयंपाकघरात जात नाही, मना हात कशालेच लावू नका म्हणते. मी जवळ बसले की माझ्या छातीवर उजवीकडे तळवा ठेवते आणि तसाच ठेवून भिंतीकडे बघत राहते. रडत नाही. रडली असती तर मी इतकी भ्याले नसते. शेजारणी येतात, देवाची मर्जी म्हणतात, ती मान फिरवते. आबांनी भडगावहून डॉक्टर आणला, त्यानं ताकदीची बाटली लावली, ती तिनं हातानं काढून टाकली. मी रजा घेऊन राहिले, रोज समजावलं, शिकले ते सगळं वापरलं. माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नाही. परवा आबांनी मला परीक्षेसाठी बळजबरीनं परत पाठवलं, आणि मी इथे हाडांची नावं पाठ करण्याऐवजी तुला लिहीत बसलेय.

सुपडूकाका सांगत होता, तुला मुलगी झाली, बाळंतपणाला माहेरीच आहेस. ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडून केळीची फणीच विकत घेतली. मग त्यानं पुढचं सांगितलं. फुई अजून नातीला मांडीवर घेत नाही. कुणी तिच्यापुढे बाळ धरलं की ती दोन्ही हात पदराखाली लपवते आणि लांब सरकते. हे खरं आहे का गं? स्वप्नील गेल्यापासून तिनं कुठल्याच लेकराला हात लावला नाही, हे खरं आहे? मला ते ऐकून इतका संताप आला, सगळ्यांचा, माझ्या आईचा, माझा, की काय करावं सुचेना. आधी तिला ही पत्रातली गोष्ट सांग आणि मग न विचारता पोरगी तिच्या मांडीत ठेवून तू उठून जा. बघू काय करते. आणि हो, बाळाच्या छातीला दोन्हीकडे कान लाव. माझ्यात हे आबांकडूनही आलेलं आहे, म्हणजे फुईच्या रक्तातही असू शकतं. तुझ्या मुलीत निघण्याची शक्यता अगदी थोडी आहे, पण लाव. उजवीकडे वाजलं तर घाबरू नकोस, फक्त पहिल्या दिवसापासून प्रत्येक डॉक्टरला सांग. कुणी विचारायची वाट बघू नकोस.

आता ज्यासाठी हे एवढं लिहिलं ते लिहिते. मी निघाले त्या सकाळी आबा आईच्या उशाशी बसून विनवत होते, म्हणत होते, तुला काय हवं ते सांग, कुणाला आणू ते सांग. आई एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. ताई इतला वरीस कशी जगनी व्हई, असं म्हणाली. आबांना वाटलं ती भ्रमात बोलतेय. मला तसं वाटलं नाही. ती विचारत होती, मोहिनी. खरंच विचारत होती. आपल्या हातून आपलंच लेकरू गेलं असं मानून सकाळी कसं उठायचं, चूल कशी पेटवायची, घास कसा गिळायचा, हे माझ्या आईला येत नाही. आबांना नाही, मला नाही, कुठल्या डॉक्टरला नाही. आमच्या ओळखीत ते एकाच बाईला येतं, आणि तिला ते आईनंच शिकायला लावलं. म्हणून फुईला सांग, तिची कुणी माफी मागायला हे लिहिलेलं नाही. माफी मागण्याइतकं बळ आईत उरलेलं नाही. फुईनं येऊन तिला शिव्या दिल्या तरी चालतील, तिच्याशी एक शब्द न बोलता नुसती शेजारी बसली तरी चालेल. पण तिला घेऊन ये. मी आबांना पाठवणार होते, पण त्यांच्यापुढे फुईनं दार लावलं तर दुसरं दार आमच्याकडे नाही. तू सांगितलंस तर ती येईल. लवकर ये, मोहिनी, माझी आई जाईल गं.

तुझीच,
चारू